अस्सलबरहुकूम नक्कल

२६ जानेवारीच्या आधीचे दिवस होते. पुणे जिल्ह्यातल्या डिंभ्याच्या परिसरातल्या एका शाळेच्या भिंतीवर पेंटर घोडेस्वार मावळा रंगवत होता. एका हातात कॅलेंडरचं दुमडून दुमडून विरलेलं पान. पानावर पेन्सिलीने इंचाइंचाचे चौकोन पाडलेले. भिंतीवरही तसेच, पण फूटफूटभराचे; निळीत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा, मध्ये टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. "ग्राफ नीट पडला की अर्धं काम झालं, गुरुजी," तो म्हणाला. मग एकेका चौकोनात पानावरची रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते पाहत त्याने कोळशाने घोडा उतरवला. पुढचा पाय जिथे यायचा, तिथे नेमकी वर्गाची खिडकी. त्याने तो पाय गुडघ्यात मुडपून खिडकीच्या वर घेतला. "चित्रात असा नाय, पन भिंतीचं बी ऐकावं लागतं." वर्षभराने मुलांच्या चित्रकलेच्या वह्या पाहिल्या. त्यांतल्या बहुतेक घोड्यांचा एक पाय मुडपलेला होता.

त्या पायाने मला हा विषय लावून दिला. लढाईच्या काळात काढलेली सैनिकांची चित्रं आणि त्यांच्यावरून पुढे पिढ्यान्‌पिढ्या हातांनी केलेल्या नकला यांचा मराठी मुलखात मोठा पसारा आहे. ग्रामपंचायतीच्या सभागृहात, तालमीत, शाळेत, पतसंस्थेच्या भिंतीवर आपण जे वीर पाहतो, ते बहुतेक नकलेची नक्कल असतात. त्या नकला कशा झाल्या, त्यांनी काय राखलं, काय बदललं आणि आज त्यांच्याकडे कसं पाहावं, याचा हा आढावा.

शब्दांपासून सुरुवात

'नक्कल' हा शब्द आज आपण हलक्या अर्थाने वापरतो. पण तलाठ्याकडून सातबाराचा उतारा घेतलेल्या शेतकऱ्याला त्याचा दुसरा अर्थ पक्का ठाऊक आहे. उताऱ्याखाली 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असं लिहून सही होते, तेव्हा त्या कागदाला वजन येतं. जुन्या दफ्तरांतही अस्सल कागद आणि त्याची नक्कल यांना वेगवेगळा मान होता. नक्कल करण्यात कमीपणा नव्हता. मात्र तिने 'मी नक्कल आहे' हे सांगायला हवं आणि ती कुणी केली त्याची सही हवी, एवढी अट होती.

चित्रकारांकडे याच कामाला 'चरबा' म्हणत. हरणाच्या पातळ कातड्यासारखं पारदर्शक काही मूळ चित्रावर ठेवायचं, रेघा उतरवायच्या, रेघांवर सुईने भोकं पाडायची आणि कोळशाची पूड भरलेली पुरचुंडी त्यावर आपटायची. खालच्या कागदावर ठिपक्यांची आकृती उमटते, तो 'खाका'. मुघल आणि दख्खनी चित्रशाळांमध्ये एक चांगला चरबा अनेक वर्षं वापरला जाई. आमच्या पेंटरचा निळीचा दोरा याच घराण्यातला.

बनावट मात्र निराळी. बनावट चित्र स्वतःला अस्सल म्हणवतं. नक्कल आणि बनावट यांत फरक कौशल्याचा नसून कबुलीचा आहे. पुढचं सारं याच कसोटीवर पाहायचं आहे.

मूळ गेलं, नक्कल उरली

जगातलं प्राचीन काळचं सर्वांत प्रसिद्ध युद्धचित्र कोणतं, तर इटलीतल्या पाँपेई शहरात १८३१ मध्ये सापडलेलं सिकंदर आणि दारा यांच्या लढाईचं. रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांची ती फरशी आहे, आणि अभ्यासकांच्या मते ती एका जुन्या ग्रीक रंगचित्राची नक्कल आहे. ते ग्रीक चित्र केव्हाच नष्ट झालं. लिओनार्दो दा व्हिंचीने फ्लॉरेन्सच्या सभागृहात १५०५ च्या सुमारास अंघियारीच्या लढाईचं भित्तिचित्र काढायला घेतलं. तंत्र फसलं, चित्र हरवलं. निशाणासाठी एकमेकांना भिडलेले ते घोडेस्वार आज आपण पाहतो ते इतरांनी केलेल्या नकलांमध्ये. त्यांतली सर्वांत गाजलेली रुबेन्सच्या नावावर आहे, आणि तीही जुन्या नकलेवरूनच आलेली.

आपल्याकडे अजिंठ्यात उलटं घडलं. सतराव्या लेण्यातल्या सिंहल अवदान या कथेच्या चित्रात हत्ती, घोडेस्वार, भालेकरी घेऊन फौज लंकेच्या किनाऱ्यावर उतरते आहे. भारतीय चित्रकलेत सैन्याचं इतकं जुनं आणि इतकं भरगच्च दर्शन क्वचितच मिळतं. ही लेणी हातांनी उतरवण्याचं काम १८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याकडे आलं. त्याने वीसेक वर्षं अजिंठ्यात घालवली. त्याची चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा तेच काम केलं. पेस्तनजी बोमनजी हा त्या विद्यार्थ्यांतला पुढे नावारूपाला आलेला चित्रकार. त्यांच्याही अनेक नकला लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेल्या. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सय्यद अहमद वगैरे तरुण चित्रकारांना घेऊन तिसऱ्यांदा प्रयत्न केला. मूळ चित्रं भिंतीवर राहिली आणि नकला जळाल्या. पण राहिलेल्या मूळ चित्रांचेही पापुद्रे सुटत गेले, वार्निशाने रंग काळवंडले. आज काही ठिकाणी भिंतीवर उजाड डाग आहे आणि ग्रिफिथ्सच्या कॅनव्हासवर आकृती.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फौज उतरण्याचा तो देखावा ग्रिफिथ्सच्या काळी विजय राजाच्या लंकेतल्या आगमनाचा समजला जाई. पुढच्या अभ्यासकांनी तो सिंहल अवदानाचा असल्याचं दाखवलं. मथळा चुकला होता, पण नक्कल प्रामाणिक होती, म्हणून मथळा दुरुस्त करता आला. नकलाकाराने आपल्या समजुतीप्रमाणे आकृत्या बदलल्या असत्या, तर ही वाट बंद झाली असती.

छत्रपतींचं चित्र: चरब्याचा इतिहास

शिवनेरी आमच्या शेजारच्या तालुक्यात. त्यामुळे शिवाजी महाराजांचं चित्र नाही असं घर इकडे शोधावं लागेल. या चित्रांची मुळं जिथवर पोहोचतात तिथेही आपल्याला नकलाच भेटतात. महाराजांच्या हयातीच्या अखेरीस आणि नंतरच्या दशकात गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी दख्खनच्या आणि मुघल राजपुरुषांची चित्रं संचांच्या रूपात तयार केली. डच आणि इतर युरोपीय व्यापारी ते संच विकत घेत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये १६८६ पूर्वीच्या अशा एका संचात महाराजांचं चित्र आहे, आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही त्याच परंपरेतलं एक आहे. ही चित्रं एकमेकांशी मिळतीजुळती आहेत, कारण एकाच नमुन्यावरून अनेक प्रती करण्याची ती रीत होती. इटालियन प्रवासी निकोलाओ मनुचीने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून करून घेतलेला संच पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात महाराज घोड्यावर आहेत आणि सभोवती पायदळाचे शिपाई चालत आहेत. ही लढायांच्या धामधुमीतली चित्रं, म्हणून त्यांचं मोल मोठं. तरी 'अस्सल' म्हणून बोट ठेवायला गेलं की बोटाखाली चरबा येतो.

चरब्याचा धोकाही याच कथेत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी पुस्तकांतून महाराजांचं म्हणून एक चित्र फिरत होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास दाखवून दिलं, की तो चेहरा इब्राहिम खान नावाच्या दुसऱ्याच सरदाराचा आहे. डच साधनांतून मिळालेलं चित्र त्यांनी लोकांसमोर ठेवलं. तोवर ते चुकीचं चित्र किती भिंतींवर, किती मेळ्यांच्या पडद्यांवर रंगवलं गेलं असेल! एकाही पेंटरने खोटेपणा केला नव्हता. प्रत्येकाने समोरच्या चित्रावरून मन लावून दुसरं काढलं. चूक साखळीच्या पहिल्या कडीत होती, आणि ते चित्र कुठून आलं हे कोणत्याच कडीवर लिहिलेलं नव्हतं.

पुढे कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी काढलेलं महाराजांचं चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलं. सरकारी कचेऱ्यांतून तेच दिसतं आणि गावोगावचे पेंटर तेच समोर ठेवतात. शासनमान्य चित्रामुळे गोंधळ कमी झाला, हे खरंच. पण ते विसाव्या शतकातल्या एका कलावंताने जुन्या साधनांचा आधार घेऊन, भक्तीने घडवलेलं चित्र आहे, हेही मुलांना सांगायला हवं. त्याने त्या चित्राचा मान उणावत नाही.

पेशवाईतली रणचित्रं

पुण्याच्या दरबारी १७९२ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून त्याने चित्रं केली. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे गंगाराम तांबट तयार झाले. वेल्स १७९५ मध्ये वारला. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचा शनिवारवाड्यातला दरबार आपण ज्या भव्य चित्रातून ओळखतो, ते थॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये इंग्लंडात पुरं केलं, वेल्सच्या रेखाटनांवरून. त्या दरबाराला डॅनिएल हजर नव्हता आणि वेल्सही नव्हता. वेल्स पुढच्या वर्षी मुंबईत उतरला. चेहरे मात्र वेल्सने प्रत्यक्ष पाहिलेले होते. म्हणून ते चित्र प्रसंगाची साक्ष म्हणून जपून वापरावं आणि माणसांची, पागोट्यांची, अंगरख्यांची साक्ष म्हणून विश्वासाने.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या थॉमस ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांचं पुस्तक १८१३ मध्ये लंडनला निघालं. त्यातली रंगीत चित्रं छावणीतल्या जगाची आहेत. पुस्तकाच्या नामपानावर चित्रकाराचा उल्लेख 'एक देशी चित्रकार' एवढाच. त्याच्या हातच्या रेखाटनांवरून लंडनमध्ये ताम्रपट कोरले गेले आणि छापे रंगवले गेले. ज्याने मराठी फौज डोळ्यांनी पाहिली, त्याचं नाव नामपानावर आलं नाही. पत्रं लिहिणाऱ्याचं आलं.

पानिपतची गोष्ट थोडी निराळी. १७६१ च्या त्या संग्रामाचं ब्रिटिश लायब्ररीतलं मोठं चित्र १७७० च्या सुमाराचं, फैजाबाद शैलीतलं, म्हणजे विजेत्यांच्या गोटातून पाहिलेलं. आज मराठी पुस्तकांत आणि प्रदर्शनांत पानिपत म्हणून याच चित्रावरून केलेल्या प्रती येतात. आपल्या पराभवाचं चित्र आपण दुसऱ्याच्या नजरेने पाहतो आहोत, याची जाणीव प्रतीखालच्या एका ओळीने करून देता येते.

त्याच काळात श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत टिपूने १७८० च्या पोल्लिलूर लढाईतल्या विजयाचं भित्तिचित्र काढवलं. ती भिंत पुढे इंग्रजांच्या अमलात एकाहून अधिक वेळा पुन्हा रंगवली गेली. त्या चित्राच्या कागदावरच्या लांबलचक नकलाही झाल्या. एखादं दालन पुन्हा रंगवलेलं असलं, की जुन्या कागदी नकलेला मूळ भिंतीइतकंच महत्त्व येतं.

छापखाना आला तरी

राजा रवि वर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात आला. देवादिकांच्या जोडीने वीरपुरुषांचे रंगीत छापे स्वस्तात घरोघर गेले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शिवचरित्रावरची चित्रं करवून घेतली, स्वतःही काढली, एम. व्ही. धुरंधरांनी युद्धाचे आणि दरबाराचे प्रसंग रंगवले. औंधच्या संग्रहालयात हा ठेवा आजही पाहता येतो.

छापा आल्यावर हातांनी नक्कल करण्याचं काम संपेल असं वाटलं असेल. झालं उलटं. छापा हाच गावच्या पेंटरचा मूळ नमुना बनला. कागदी छापा ओलीने, वाळवीने चार-सहा पावसाळ्यांत जायचा आणि भिंतीवर, पत्र्यावर, कापडी पडद्यावर ऑइल पेंटने काढलेलं चित्र पंधरा-वीस वर्षं टिकायचं. सह्याद्रीच्या पावसात, भीमाशंकरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हा हिशेब समजावून द्यावा लागत नाही.

पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतही हेच तत्त्व. रामायण-महाभारतातल्या युद्धांची चित्रं एकेका पोथीत बांधलेली असतात. जुनी पोथी जीर्ण झाली की तिच्याकडे पाहून नवी काढायची. या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या पाहून काढण्यालाही मान मिळाला.

गावातून गेलेले शिपाई

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर उतरलेल्या हिंदी शिपायांची रेखाटनं पॉल सारू या फ्रेंच चित्रकाराने खंदकांच्या जवळ राहून केली. मासिया बिबिकॉफ या चित्रकर्तीने मार्सेलच्या छावणीत त्यांना कागदावर उतरवलं. तिचं पुस्तक १९१५ मध्ये निघालं. मराठी शिपाई मोठ्या संख्येने लढला तो मात्र मेसोपोटेमियात. कूतच्या वेढ्यानंतर एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या शिपायांना फ्रान्समधल्या सोबत्यांसारखे चित्रकार क्वचितच भेटले. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत संगमरवरी पाट्या मात्र लागल्या: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. पाटीवर आकडे आहेत. चेहरा नाही, बहुधा नावही नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत छायाचित्र शिपायांच्या घरीही पोहोचलं होतं. इटलीत अपर टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पडलेले रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम गाजवणारे अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांच्या स्मरणासाठी पेंटरसमोर येतो तो एखादा जुना, करडा फोटो.

इथे हातांनी केलेली नक्कल सर्वांत हळवं काम करते. घरच्यांनी ट्रंकेतून काढून आणलेला पासपोर्ट आकाराचा फोटो, कधी ओळखपत्रावरचा, एका कोपऱ्यात शिक्क्याची निळी कमान आलेला. त्यावरून दोन फुटांचं तैलचित्र करायचं. फोटोत गणवेशाचा रंग नसतो, पदकाची फीत दिसत नाही, शिक्क्याखाली कानाची पाळी झाकलेली असते. चांगला पेंटर घरच्यांना विचारतो: रंग सावळा होता का? भुवई जोडलेली होती का? आई सांगते, बहीण दुरुस्त करते. असं चित्र फोटोवरून झालेलं असलं, तरी त्यात घरच्या माणसांची आठवण मिसळलेली असते. यंत्राला हे प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत.

फोटोवरून रंगवलेल्या चित्राला किती मान मिळू शकतो, याचं राष्ट्रीय उदाहरणही आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली, त्या प्रसिद्ध छायाचित्रावरून केलेलं चित्र लष्करप्रमुखांच्या दालनात वर्षानुवर्षं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ते दिल्लीच्या माणेकशॉ सेंटरमध्ये हलवलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. छायाचित्र सगळ्यांकडे होतं. तरी लोकांचा जीव त्या रंगवलेल्या चित्रात होता.

आजचा बाजार आणि कायदा

आज मोबाइलवरून मागणी नोंदवली की गाजलेल्या युद्धचित्राची 'हॅन्ड पेंटेड' प्रत घरपोच येते. चीनमधल्या शेन्झेनजवळचं दाफेन हे गाव तर तैलचित्रांच्या प्रती करण्यासाठीच जगभर ओळखलं जातं. हाताने केलेलं काम मागणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. चित्र उजेडात तिरकं धरलं की कुंचल्याचे उंचवटे रेघेच्या दिशेनेच जायला हवेत. छापील कॅनव्हासवर वरून पारदर्शक जेल फासलेलं असेल तर ते भलतीकडेच वळतात. भिंग लावल्यावर रंगांचे सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले, तर ते यंत्राचं काम. आणि कडेला, चौकटीवर गुंडाळलेल्या भागात, हाताचा रंग वेडावाकडा थांबतो. छापा सुतासारखा सरळ कापलेला असतो.

कायद्याचंही भान हवं. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चित्राचे हक्क राखलेले असतात. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरून आता कुणीही नक्कल करावी. अलीकडच्या चित्रकाराचं चित्र विकण्यासाठी उतरवायचं असेल, तर त्याच्या वारसांना विचारावं.

मग काय करायचं?

या सगळ्यातून मला जे पटलं ते असं. नक्कल जपते आणि बदलतेही. तिने जपावं अशी अपेक्षा ठेवायची, तर तिने काय बदललं ते नोंदवण्याची रीत आपल्याला लावून घ्यावी लागेल. फार खटाटोपाचं काम नाही. भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात किंवा चौकटीच्या मागे चार ओळी: हे चित्र कशावरून केलं, मूळ कुणाचं आणि कुठे आहे, नक्कल कुणी आणि कोणत्या साली केली, काय बदललं. सातबाराला जी शिस्त आपण लावतो, तीच शिवरायांच्या आणि आपल्या गावच्या शिपायांच्या चित्राला लावायची.

आमच्या पेंटरलाही मी हे म्हणालो. त्याने आधी मान हलवून नको म्हटलं, "माझं नाव कशाला, महाराजांच्या मावळ्याचं चित्र हाय." त्याच्या संकोचात भक्ती होती. तरी मी हट्ट धरला. शेवटी त्याने खिडकीच्या खाली, लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर, काळ्या रंगात लिहिलं: कॅलेंडरवरून, आणि खाली आपलं नाव, गाव, साल. मी खडूने पुस्ती जोडली: मूळ चित्रात घोड्याचा पाय सरळ आहे. त्याने ती रंगाने पक्की केली.

जुन्नरच्या नाणेघाटात सातवाहनांनी आपल्या राजघराण्याच्या मूर्ती कोरून घेतल्या होत्या, आणि प्रत्येक मूर्तीवर नाव कोरलं होतं. सिमुक, नागनिका, सातकर्णी, महारठी त्रणकयिर. आज त्या मूर्तींच्या जागी पावलांच्या खुणा उरल्या आहेत. त्यांचा चरबा कुणी काढून ठेवला नाही, म्हणून महारठी कसा उभा होता, कमरेला काय लावत होता, हे कधीच कळणार नाही. तो होऊन गेला हे मात्र कळतं, कारण नाव लिहिलेलं आहे. आमच्या भिंतींवर रूपं भरपूर आहेत. त्यांच्याखाली लिहायला सुरुवात करू या.